मदत हवी आहे: दुसरं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मशीनच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) चालू केलं की सर्व्हर रीस्टार्ट

भावांनो, घरच्या सर्व्हरनं वैताग आणलाय. असेंबल केलेलं जुनं मशीन, ३२ जीबी रॅम, वर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवायची सिस्टीम). एकच व्हीएम असेल तर निवांत चालतं. दुसरं चालू करून लोड आला की खटकन बंद आणि आपोआप रीस्टार्ट. लॉग मध्येच तुटतो. ना कर्नल पॅनिक (सिस्टीमच कोलमडणं), ना ओओएम (रॅम संपणं). मेमटेस्ट (रॅमची तपासणी) रात्रभर चालवला, एरर शून्य. तापमानही ठीक. म्हणून संशय एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर). एकानं सी-स्टेट (प्रोसेसरचे वीज वाचवायचे मोड) बंद करायला सांगितलं, पण तो त्रास बहुधा मशीन रिकामं असताना होतो ना? दुकानदाराचा सल्ला: विंडोज टाका. त्याला काय बोलणार!

कोल्हापुरात राजारामपुरीच्या आसपास कुणाकडं ५०० वॅटचा चांगला एसएमपीएस एक दिवस टेस्टिंगला मिळेल काय? की आधी मदरबोर्ड तपासू?