मदत हवी आहे: आईच्या हाताची सूज, स्लीव्ह नीट बसत नाही

आईचं (वय ५८) डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. केमो, रेडिएशन संपून चार महिने झाले, रिपोर्ट चांगले आहेत. पण दोन महिन्यांपासून डावा हात सुजतोय. संध्याकाळपर्यंत बांगड्या मनगटात रुततात, म्हणून तिनं त्या काढूनच ठेवल्यात. सर्जनना दाखवलं. लिम्फेडेमा (काखेतल्या गाठी काढल्यावर हातात द्रव साठून येणारी सूज) आहे, रक्ताची गुठळी किंवा इन्फेक्शन नाही म्हणाले.

भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम रोज दोनदा चालू आहे. झोपताना हात उशीवर. बीपी, सुई सगळं उजव्या हाताला. कणीक आता बाबा मळतात, आई शेजारी बसून पाणी किती ते सांगते. तिला हा आधार फार मोलाचा वाटतो.

कॉम्प्रेशन स्लीव्ह (सूज दाबून ठेवणारी घट्ट बाही) ऑनलाइन मागवली, ती कोपराशी गोळा होते आणि तळहात जास्तच सुजतो. सर्जनना विचारून ती बंद केली.

आम्ही सांगलीत राहतो, पुण्या-मुंबईला महिन्यातून एकदाच जमेल. मिरज-कोल्हापूरकडे माप घेऊन स्लीव्ह आणि हातमोजा देणारे, लिम्फेडेमाचं काम करणारे फिजिओथेरपिस्ट कुणाला माहीत आहेत का? आणि सूज उतरवायला करतात तो हलका मसाज ते घरच्यांना शिकवतात, की दर वेळी त्यांच्याकडेच जावं लागतं?