बी.एस्सी. अर्धवट राहिलेल्या भावाने एनडीटीचे प्रमाणपत्र घ्यावे का?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा):
माझ्या धाकट्या भावाने वडिलांच्या आजारपणात बी.एस्सी.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडले. आता एका खासगी संस्थेने त्याला १५ दिवसांत एनडीटीच्या (वस्तू न तोडता तिच्यातले दोष शोधण्याच्या तपासणीच्या) चार पद्धतींचे लेव्हल-२, म्हणजे दुसऱ्या पातळीचे, प्रमाणपत्र आणि लगेच नोकरी, असे आश्वासन दिले आहे. शुल्कासाठी आई पाटल्या मोडायला निघाली आहे. एवढ्या अल्प मुदतीच्या प्रमाणपत्रावर आपल्याकडचे कारखाने खरोखरच नोकरी देतात का?

उत्तर (मांजलपूर):
ताई, पाटल्या तूर्त राहू द्या. मी अठरा वर्षे प्रेशर व्हेसलच्या (दाब सोसणाऱ्या टाक्यांच्या) कारखान्यात तपासणीचे काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. दिवस थोडे आहेत याला माझा आक्षेप नाही. एसएनटी-टीसी-१ए या एनडीटी तपासनिसांच्या पात्रतेच्या प्रचलित मार्गदर्शिकेत पेनेट्रंट (रंगीत द्रव लावून तडे शोधण्याच्या) तपासणीच्या लेव्हल-१ साठी ४ आणि लेव्हल-२ साठी आणखी ८ तासांचेच प्रशिक्षण सुचवले आहे. मात्र त्याच मार्गदर्शिकेनुसार प्रत्यक्ष कामाचे तास वेगळे भरावे लागतात आणि प्रमाणपत्राची जबाबदारी नोकरी देणाऱ्या कंपनीची असते. ती नोकरी सुटली की ते प्रमाणपत्रही संपते. संस्थेचा कागद प्रशिक्षण झाल्याचा पुरावा तेवढा ठरतो.

काम कसे असते, तेही भावाला सांगा. वेल्डिंगच्या सांध्यावर लाल द्रव लावून दहाएक मिनिटे थांबायचे, तो पुसून पांढरा डेव्हलपर (तड्यातला द्रव वर ओढणारा थर) फवारायचा. तडा असेल तर केसासारखी लाल रेघ हळूहळू वर उमटते. ती तड्याची की नीट न पुसलेल्या खाचेची, हे कळायला नजर बसावी लागते आणि ती वर्गात बसत नाही. त्यामुळे आधी एखाद्या तपासणी एजन्सीत मदतनीस म्हणून लागून एक-दोन पद्धतीच शिकणे बरे. चार पद्धतींत रेडिओग्राफी (किरणांनी आतले चित्र काढणे) असेल, तर त्यासाठी किरणसुरक्षेचे एईआरबी-मान्य (अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्य केलेले) प्रशिक्षण लागते. संस्थेकडे ते आहे का, हे लेखी विचारा.

उत्तर (वाडी):
मी वेल्डिंग शिकवतो; भावाने तोही पर्याय पाहावा. आयटीआयचा वेल्डर हा ट्रेड १ वर्षाचा आहे. कारखान्यात वेल्डरच्या हातचा तुकडा वाकवून किंवा त्याचा एक्स-रे काढून पाहतात, त्यामुळे तिथे शब्दांची हमी चालत नाही. एएसएमई या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या नियमांनुसार वेल्डरने ६ महिने त्या वेल्डिंग-पद्धतीचे काम केले नाही, तर त्याची पात्रता संपते, एवढे ध्यानात ठेवावे. सयाजीरावांनी १८९० मध्ये जिथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी केली, त्या गावात या कामाला कमी लेखले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. एक गोष्ट लिहायची राहिली : भावाचा लाल आणि हिरव्या रंगांत गोंधळ होतो.

उत्तर (मांजलपूर):
बरे झाले सांगितलेत. या कामात जवळच्या नजरेची तपासणी दरवर्षी होते आणि त्या त्या पद्धतीत लागणारे रंग किंवा करड्या छटा ओळखता येतात का, हेही पाहिले जाते. लाल पेनेट्रंटमध्ये त्याला अडचण येऊ शकते, पण अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिलहरींच्या तपासणीत) काम मुख्यतः पडद्यावरील संकेतांवरून चालते. शुल्क भरण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून रंगदृष्टीची लेखी तपासणी करून घ्या. तो कागद घेऊन या, मग कोणती पद्धत निवडायची ते ठरवू.