वृद्धाश्रमात फिजिओ: ३८ जण, आठवड्यातून ३ सकाळी. सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठ_बीपीटीएच

नमस्कार. सांगलीत माधवनगर रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात पुढच्या महिन्यापासून फिजिओचं काम घेतलंय. ३८ रहिवासी. त्यातले ६ पूर्ण अंथरुणावर, ५ अर्धांगवायूचे, ३ खुब्याच्या ऑपरेशननंतरचे, दोघांना पार्किन्सन्स. बाकीच्यांची गुडघेदुखी आणि मधुमेह. माझे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी ९ ते १२. भागाकार केला तर एका सकाळी माणशी ५ मिनिटंही येत नाहीत. व्यवस्थापनाचं म्हणणं, सगळ्यांना आळीपाळीने मशीन लावा, शेक द्या. दिवसा चार मावश्या आणि एक मामा, रात्री एकच मावशी. कोणाला आधी घ्यावं आणि मावश्यांना नेमकं काय शिकवावं?

मिरज_फिजिओ

भागाकार सोडा. तुमचे आठवड्याला ९ तास, आश्रमाचे १६८. उरलेल्या १५९ तासांत आजी-आजोबांना कोण उठवतं, कसं उठवतं, यावर सगळं ठरतं. म्हणून पहिला रुग्ण म्हणजे मावशी.

पहिला आठवडा व्यायाम घेऊ नका, फक्त बघा. चालणाऱ्या प्रत्येकाची 'उठा आणि चाला' चाचणी घ्या: हात असलेली खुर्ची, ३ मीटरवर खूण, उठून तिथपर्यंत जाऊन वळून परत बसायचं. नेहमीची काठी किंवा वॉकर हातात असू द्या. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरून चाला. वळताना किती पावलं टाकतात, खुर्चीवर धपकन बसतात का, हेही लिहा. कित्येकदा सेकंदांपेक्षा तेच जास्त सांगून जातं. चप्पल बघा. झिजलेली हवाई चप्पल असेल तर मागे पट्टा असलेली सँडल घ्यायला सांगा, हा सगळ्यात स्वस्त उपचार आहे.

त्याच आठवड्यात रक्तदाब झोपून, उभं राहिल्यावर १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्या माणसाला थेट चालायला लावू नका. लघवी होण्याच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या गोळ्या आणि पार्किन्सन्स या तिन्हींत हे बऱ्याचदा सापडतं. डॉक्टरांना कळवा. मावशीला सांगा: कुशीवर वळवा, पाय खाली सोडून २ मिनिटं बसवा, घोटे १५-२० वेळा वरखाली करू द्या, मग उभं करा. पहाटेच्या लघवीला जाताना होणारी पडझड बरीचशी इथेच थांबते.

आता उचलणं. मावशी काखेत हात घालून ओढते, आणि अर्धांगवायूच्या बाजूला ते सर्वात वाईट. तो खांदा आधीच सैल असतो, ओढला की सांधा खाली सरकतो आणि दुखणं महिनोन् महिने जात नाही. शिकवायची पद्धत अशी. व्हीलचेअर चांगल्या बाजूला, पलंगाशी ३० ते ४५ अंशांत. दोन्ही ब्रेक लावा, पायपाट्या वर करा. रुग्णाला पलंगाच्या कडेपर्यंत पुढे सरकवा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. मावशीने आपल्या गुडघ्याने रुग्णाचा कमजोर गुडघा समोरून अडवायचा आणि कमरेला धरायचं. "आजोबा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आणा" असं म्हणायचं, एक-दोन-तीन म्हणून उठवायचं. माणूस पुढे झुकलाच नाही तर सगळं वजन मावशीच्या कमरेवर येतं. मावश्यांची कंबर धरते ती यामुळेच.

कमरेला धरायला चार बोटं रुंदीची नवार दुहेरी शिवून, पक्कं बक्कल लावून पट्टा करून घ्या. पोटाचं ताजं ऑपरेशन, पोटात नळी किंवा बरगडीला मार असेल तर पट्टा नको. आणि पातळ नेसलेल्या आजींच्या निऱ्या पायाखाली येतात, उठवण्याआधी त्या वर खोचून घ्यायला शिकवा.

सातारारोड

वरच्याशी सहमत, फक्त मशीनबद्दल. व्यवस्थापनाला सरळ नाही म्हणू नका, पण शेकाच्या बाबतीत ठाम राहा. मधुमेहात पावलांची संवेदना गेलेली असते. गरम पिशवीने कातडी भाजते आणि आजोबांना कळतही नाही, मग ती जखम भरत नाही. शेकण्याआधी गरम आणि गार पाण्याच्या दोन बाटल्या शेकायच्या जागी टेकवून डोळे मिटून ओळखायला लावा. ओळखता आलं नाही तर त्या जागी शेक बंद. टेन्स (दुखण्यासाठी कातडीवरून हलका विजेचा प्रवाह देणारं मशीन) लावण्याआधी छातीत पेसमेकर आहे का ते कागदपत्रांत बघा. तोंडी विचारून भागत नाही, काहींच्या लक्षात नसतं.

गुडघ्याचं खरं औषध मांडीचा स्नायू. ४३ ते ४५ सेमी उंचीच्या खुर्चीवरून हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा आणि तोच व्यायाम द्या: ८ ते १० वेळा, २ किंवा ३ फेऱ्या, एक दिवसाआड. हात टेकल्याशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, पुढे हळूहळू उतरवा. प्लास्टिकची खुर्ची शहाबादी फरशीवर मागे सरकते, पाठ भिंतीला लावूनच ठेवा. बसून पाय सरळ करायच्या व्यायामाला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी पुरते. श्वास रोखायचा नाही. म्हणून आकडे मोठ्याने मोजायला लावा.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांना नाश्त्यानंतरच घ्या. साखर १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायला द्या. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके हळू करणारी गोळी) चालू असेल तर साखर उतरताना होणारी धडधड जाणवत नाही, घामाकडे लक्ष ठेवा.

कृष्णाकाठ_बीपीटीएच

खूप उपयोगी. अंथरुणावरच्या ६ जणांचं काय करू? दोघींचे गुडघे वाकलेलेच राहिलेत. आणि खुब्याच्या तिघांना जमिनीवर बसायची सवय आहे.

मिरज_फिजिओ

खुब्याचं आधी. डिस्चार्जचा कागद मागवा, त्याशिवाय हात लावू नका. हाड प्लेट-रॉडने जोडलंय की गोळा बदललाय, यावर सगळं फिरतं. जोडलेलं असेल तर किती वजन द्यायचं ते सर्जनने लिहिलेलं असतं. गोळा बदललेला आणि छेद मागच्या बाजूने असेल तर सर्जन मोकळीक देईपर्यंत तीन गोष्टी बंद: खुबा ९० अंशांपुढे वाकवणं, पायावर पाय टाकणं, पाय आतल्या बाजूला वळवणं. म्हणजे मांडी घालणं, भारतीय संडास, खाली पडलेली वस्तू वाकून उचलणं सगळं आलं. कमोड खुर्ची लागेल, बसायची उंची गुडघ्यापेक्षा थोडी जास्त. देवापुढे बसायचा हट्ट असतो, तो समजून घ्या आणि देवच उंच टेबलावर ठेवायला सांगा.

काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात. उंची चप्पल घालून, हात सरळ सोडून मनगटाच्या घडीपर्यंत. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं की काठी असून नसल्यासारखी, महिन्याला एकदा सगळ्या काठ्या उलट्या करून बघा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

वारणेची_परिचारिका

अंथरुणावरच्यांचं मी सांगते. गुडघे वाकण्याचं कारण बहुतेक वेळा गुडघ्याखालची उशी. आजींना बरं वाटतं म्हणून मावशी ठेवते आणि काही आठवड्यांत स्नायू आखडतात. ती काढा. त्याऐवजी उशी पोटरीखाली लांब ठेवा, टाच हवेत राहील इतकी. टाचेवरचा दाबही जातो, गुडघाही सरळ राहतो. गुडघा सरळ करताना ताण हळू द्यायचा, ३० सेकंद धरायचा, ४-५ वेळा, दिवसातून दोनदा. झटका दिला तर स्नायू उलट जास्त आवळतो, आणि हाडं ठिसूळ असतील तर मोडूही शकतात. आधीच पक्के आखडलेले गुडघे पूर्ण सरळ होतील असं नातेवाइकांना सांगू नका. स्वच्छता करता येईल, डायपर बदलता येईल इतके मोकळे ठेवले तरी त्या आजींना मोठा दिलासा असतो.

दर २ तासांनी कूस बदला. पूर्ण ९० अंशांत कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन ३० अंश. बोटाने दाबून लाल डाग पांढरा पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात समजा. तिथे तेल चोळायचं नाही, ही सवय मोडायला सगळ्यात अवघड जाते, कारण मावशी ते मायेनेच करत असते. आत दुखावलेली कातडी चोळल्याने आणखी फाटते, हे तिला दाखवून समजवा. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो.

भरवताना पाठ उभी, मान किंचित पुढे, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पेज खाताना खोकला आला किंवा आवाज ओलसर झाला तर भरवणं थांबवून डॉक्टरांना सांगा. अशा माणसाला येणारा ताप कित्येकदा छातीत गेलेल्या अन्नाचा असतो.

सातारारोड

तीन गोष्टी राहिल्या.

पार्किन्सन्सवाल्यांना गोळीचा असर चालू असताना घ्या, वेळ मावशीला विचारा. दारात पाय चिकटत असतील तर फरशीवर पावलाच्या अंतराने पांढऱ्या टेपच्या पट्ट्या लावा आणि "पट्टी ओलांडा" म्हणा. विसराळूपणा वाढलेल्यांना "खुर्चीवरून दहा वेळा उठा" कळत नाही, "चला, चहाला जाऊ" कळतं. त्यांचा व्यायाम चहा, जेवण आणि आरतीच्या वेळेला बांधा.

कोणी पडलं तर लगेच उचलायचं नाही. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुबा मोडलाय असं धरून, न हलवता रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर माणूस बोलत असला तरी दवाखान्यात न्या.

आणि साहित्याचा खर्च. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना साहित्यासाठी एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात. काठी, वॉकर, कमोड खुर्ची त्यात बसतात. आधार आणि बँक खातं जुळलेलं आहे का ते आधी बघा, अर्ज बहुधा तिथेच अडतो. संडासात धरायची दांडी मात्र विटेत नीट फास्टनर ठोकून लावा, आसनापासून साधारण २० सेमी वर. चिकटणाऱ्या व्हॅक्यूमच्या दांड्या भार आला की सुटतात.

वारणेची_परिचारिका

एक सांगलीपुरतं. आश्रम पूररेषेत येत असेल तर पावसाळ्याआधी खालच्या मजल्यावरच्यांची यादी करा: कोण चालत जिना चढतो, कोणाला दोघांनी खुर्चीतून न्यावं लागतं, कोणाला चादरीवर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. ४० ची वाट न बघता, पाणी वाढतंय कळताच दिवसाउजेडी अंथरुणावरच्यांना वर हलवा, रात्रीच्या एका मावशीला ते जमणार नाही. सोबत वॉकर, गोळ्यांचा डबा आणि चष्मेसुद्धा.

कृष्णाकाठ_बीपीटीएच

सगळ्यांचे आभार. ठरवलंय असं: पहिला आठवडा तपासणी. दुसऱ्यापासून ९ ते ९.३० मावश्यांसोबत उठवणं-बसवणं प्रत्यक्ष पलंगाजवळ, मग चालणाऱ्यांचा अर्ध्या तासाचा गट, उरलेले दोन तास अर्धांगवायू, खुबा आणि अंथरुणावरचे. प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात मराठी कागद: किती जणांनी उठवायचं, कुठल्या बाजूने, काय करायचं नाही.

मिरज_फिजिओ

छान. रात्रपाळीची मावशी ९ वाजता घरी गेलेली असते, तिच्यासाठी आठवड्यातून एकदा ८ ला जा. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घाला, पुसताना भिजतो. आणि तारीख लिहा. तीन महिन्यांपूर्वी दोघांनी उठवायचे आजोबा आज एकाच्या आधाराने उठत असतील, आणि जुन्या कागदामुळे त्यांना अजून दोघं उचलत असतील.