नातवंडे कुटुंबात धरली नाहीत म्हणून मोठे घर नाकारले. दाद कुठे मागावी?

शर्वरी_सिडनी:
मी पश्चिम सिडनीतील एका केंद्रात स्वयंसेविका आहे. तेथे येणाऱ्या एका ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियातील मूळनिवासी) आजींकडे मुलीची तीन मुले दोन वर्षांपासून राहतात. त्यांना मिळालेले सोशल हाउसिंगचे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचे सवलतीच्या भाड्याचे, घर अपुरे पडते, शिवाय न्हाणीघराच्या भिंतीतून पाणी झिरपते. मुलांच्या ताब्याचा न्यायालयीन आदेश नाही, या कारणावरून घर देणाऱ्या संस्थेने त्यांचा मोठ्या घरासाठीचा अर्ज फेटाळला. तक्रार केल्यास घर जाईल आणि मुलेही नेली जातील, अशी त्यांना धास्ती आहे. सरकारने पिढ्यान्‌पिढ्या ॲबोरिजिनल मुले घरच्यांपासून तोडली, हे ठाऊक असताना ही धास्ती निराधार आहे असे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

भाडेकरू_सल्लागार:
शर्वरीताई, सर्वप्रथम आजींची लेखी संमती घ्या. त्यांच्या वतीने परस्पर काहीही करू नका. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनी ज्या राज्यात आहे तेथे, ॲबोरिजिनल भाडेकरूंसाठी स्वतंत्र, विनामूल्य सल्लासेवा आहेत. आजींची तयारी असेल तर त्यांची गाठ तेथील कार्यकर्त्यांशी घालून द्या, कारण ही धास्ती त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

अर्ज फेटाळल्याची कारणे आणि ज्या धोरणाचा आधार घेतला त्याचा मजकूर लेखी मागा, आणि पत्रातील मुदत चुकवू नका. आधी त्याच संस्थेकडे फेरविचार मागायचा. तेथेही नकार मिळाला तर हाउसिंग अपील्स कमिटीकडे जायचे. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र ही समिती शिफारस करते, आदेश देत नाही, म्हणून पुरावा पहिल्याच टप्प्यावर भक्कम हवा. मुले प्रत्यक्षात आजींकडेच राहतात हे दाखवणारी शाळेची आणि आरोग्य केंद्राची पत्रे जोडा.

घराच्या दुरुस्तीचा वाद या समितीकडे जात नाही. तो एनकॅट (NCAT) या राज्याच्या दिवाणी व प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे न्यावा लागतो. हक्क मागितल्याचा सूड म्हणून घर सोडण्याची नोटीस आली, तर 2010 च्या भाडेकरू कायद्यानुसार तिलाही तेथेच आव्हान देता येते. मुलांविषयीच्या भीतीबाबत मात्र ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिसचाच सल्ला घ्यावा. त्यावर मी आश्वासन देणे योग्य नाही.

विधी_अभ्यासक:
दुरुस्तीला दुय्यम समजू नका. नॉर्दर्न टेरिटरीत ॲलिस स्प्रिंग्सजवळच्या सांता टेरेसा वस्तीतील भाडेकरूंनी सरकारी घरांच्या दुरवस्थेविरुद्ध 2016 मध्ये दाद मागितली. त्यांपैकी एका महिलेच्या घराला 68 महिने मागचे दार नव्हते. घर सुरक्षित न राहिल्याने होणाऱ्या मनस्तापाचीही भरपाई मिळू शकते, असा निकाल ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, म्हणजे तेथील सर्वोच्च न्यायालयाने, नोव्हेंबर 2023 मध्ये दिला. तो ऐकायला त्या हयात नव्हत्या. अनेक ॲबोरिजिनल समाजांत दिवंगताचे नाव उच्चारत नाहीत, म्हणून मीही ते लिहीत नाही. न्हाणीघराची छायाचित्रे तारखेसह ठेवा आणि दुरुस्तीची प्रत्येक मागणी लेखी करा.

शर्वरी_सिडनी:
दोघांचीही मी मनापासून आभारी आहे. सल्लासेवेला आज आजींनी स्वतःच फोन केला, मी फक्त शेजारी बसले होते. शाळेचे पत्र सोमवारी मिळणार आहे.