नऊपैकी नऊ! मतांच्या प्रमाणात जागा का नकोत?

वऱ्हाडी मास्तर: आमच्या ग्रामपंचायतीत ३ प्रभाग, ९ सदस्य. मागच्या खेपेला एकाच पॅनलनं नऊच्या नऊ जागा मारल्या. गुलाल झाला, डीजे झाला. मी शाळेच्या सवयीनं मतांची बेरीज केली, तर जिंकलेल्यांना १०० तली ५४ आणि हरलेल्यांना ४६. म्हणजे जवळपास अर्ध्या गावाचा मासिक सभेत एकही माणूस नाही. नाल्यापलीकडच्या वस्तीचा रस्ता विषयपत्रिकेवर येईल कसा?

वरही तेच. २०१४ च्या लोकसभेत भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा. बसपाला देशभरात ४ टक्क्यांवर मतं आणि जागा शून्य. २०२४ ला अकोल्यात निवडून आलेल्या उमेदवारापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्याची मिळून मतं जास्त होती. विधी आयोगानं १९९९ च्या १७० व्या अहवालात सुचवलं होतं, की आहेत त्या जागा राहू द्या, वर २५ टक्के जागा वाढवा आणि त्या पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात त्यांच्या याद्यांतून भरा. काय वाईट आहे यात?

धुऱ्यावरचा: मास्तर, बेरीज बरोबर हाय. पन यादीतला मानूस मले सापडन कुठी? आमदार कसाही असो, लग्नात सापडते, तेरवीत सापडते. २०२४ ले सोयाबीनचा हमीभाव ४८९२ अन् बाजारात त्याच्या कितीतरी खाली भाव, तवा आमी त्याच्याच दारात जाऊन बसलो. यादी बनन मुंबईत. आपल्या तालुक्याचा गडी चाळीसाव्या नंबरवर. कायले पाह्यजे ते?

वऱ्हाडी मास्तर: अरे राजा, आमदार जात नाही कुठं! न्यूझीलंडमध्ये १९९३ ला सार्वमत झालं आणि १९९६ पासून प्रत्येकाला दोन मतं आहेत, एक आपल्या भागातल्या माणसाला, एक पक्षाला. ५ टक्के मतं किंवा एखादा मतदारसंघ जिंकल्याशिवाय यादीतून जागा नाही, म्हणून उगीच पन्नास पक्ष होत नाहीत.

कोर्टातला काळा कोट: तरी आघाड्या होतातच, आणि आघाडीत कोण कुणाला धरून ठेवतो ते आपण महाराष्ट्रात पाहतोच आहोत. हा वाद वऱ्हाडाला नवा नाही. जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनीच प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागांची, दुरुस्ती मांडली होती. बाबासाहेबांनी विरोध केला: साक्षरता कमी, आणि गटातटांत सरकार टिकणार नाही. दुरुस्ती फेटाळली गेली. दुसरं कारण आजही तेवढंच खरं आहे.

वऱ्हाडी मास्तर: पहिलं, साक्षरतेचं कारण तरी गेलं ना? विधान परिषदेच्या अमरावती पदवीधर मतदारसंघात आपण मतपत्रिकेवर पसंतीक्रमाचे आकडे टाकतोच.

धुऱ्यावरचा: हो, अन् २०२३ ले हजारो पदवीधरायची मतं बाद झाली! आमची अंगठेबहाद्दर आजी बटन बरोबर दाबते.

प्रभाग २ ची पडलेली: मी ११ मतांनी पडले म्हणून बोलते. लोकसभा राहू द्या बाजूला, ग्रामपंचायतीपासून सुरू करा. आमच्या प्रभागात अ, ब, क अशा तीन जागा, तीन मतं. आदल्या रात्री घरोघरी चिन्हाचा कागद येतो आणि सकाळी माणूस एकाच पॅनलची तिन्ही बटणं दाबून मोकळा. करीमुद्दीन यांची दुरुस्ती मी वाचली आहे. एका मतदारसंघात अनेक जागा, आणि मतदाराला वाटलं तर आपली सगळी मतं त्यानं एकालाच द्यावीत. तसं असतं तर नाल्यापलीकडची वस्ती तिन्ही मतं एकीला देऊन एक जागा तरी काढती. यादी नको, मुंबई नको, माणूसही गावातलाच.

कोर्टातला काळा कोट: ताई, हे पटण्यासारखं आहे, यादीपेक्षा तर नक्कीच. पण अ-ब-क जागा आरक्षणाप्रमाणे वेगळ्या लढवल्या जातात. तिन्ही एकत्र मोजायच्या तर राखीव जागा आधी भरून बाकीची मोजणी करावी लागेल. कायदाच बदलावा लागेल.

वऱ्हाडी मास्तर: मग बदला! सरपंच थेट निवडायचा, मग नाही, मग पुन्हा थेट, हे २०१७ पासून २०२२ पर्यंत बदललंच ना? तेव्हा कुणाला जड गेलं नाही.

धुऱ्यावरचा: तिन्ही मतं एकाले? मंग लोक तीन मताचे पैसे एकाच पार्टीले मागतीन, बाप्पा!

प्रभाग २ ची पडलेली: आता काय फुकट देतात, भाऊ?