श्रीमंत भावाची वेगळी चूल: युरोपात खरंच वाटणी कोणाला हवी आहे?

पडवीतला पाहुणा

एकत्र कुटुंबात जास्त कमावणाऱ्या भावाचं एक ठरलेलं वाक्य असतं: 'मी राबतो आणि बाकीचे बसून खातात.' हे दिवाळीला ऐकू येतं, मुंजीत ऐकू येतं, आणि पुढच्या दिवाळीलाही हा बुवा त्याच पंगतीत बसलेला असतो. युरोपातल्या श्रीमंत प्रांतांचं असंच आहे, असं माझं मत. स्पेनमधला कॅटलोनिया, बेल्जियममधला फ्लँडर्स, उत्तर इटली, कोणीही वेगळं होणार नाही. वेगळं होण्यापेक्षा 'वेगळे होऊ' म्हणण्यात जास्त पदरात पडतं.

इटली घ्या. १९९६च्या सप्टेंबरात उंबेर्तो बोस्सी आणि त्यांच्या लेगा नोर्द पक्षाने काय थाट केला होता! पो नदीच्या उगमावर जाऊन पाणी भरलं, ते नदीकाठाने व्हेनिसपर्यंत आणलं (मला नाथांची कावड आठवली, ह. घ्या.) आणि १५ सप्टेंबरला 'पादानिया' या नव्या देशाचं स्वातंत्र्य जाहीर केलं. घोषणा होती 'रोमा लाद्रोना', म्हणजे चोरटं रोम. पुढच्या मे महिन्यात व्हेनिसच्या व्हेनेतो प्रांतातल्या काही वीरांनी घरी बनवलेला 'रणगाडा' फेरीबोटीतून सेंट मार्क चौकात नेला आणि घंटाघरावर ध्वज लावला. सकाळी पोलिसांनी खाली उतरवलं.

आणि मग? २००१मध्ये बोस्सी त्याच चोरट्या रोममध्ये मंत्री झाले. पुढे पक्षाचे नवे नेते साल्विनी यांनी पक्षाच्या नावातला 'नोर्द', म्हणजे उत्तर, हा शब्दच वापरायचा सोडला, कारण आता मतं दक्षिणेतही हवी होती. २०१७मध्ये लोंबार्डी आणि व्हेनेतोत सार्वमत झालं ते स्वातंत्र्यासाठी नव्हे, जास्तीच्या अधिकारांसाठी. त्यालाही लोंबार्डीत जेमतेम ३८ टक्के मतदार आले. व्हेनेतोत ५७.

बव्हेरियाबद्दल तर बोलायलाच नको. आज तो जर्मनीत इतर राज्यांसाठी सर्वांत जास्त पैसे देतो आणि त्यावरून कुरकुरतो, पण १९८०च्या दशकापर्यंत तोच घेणाऱ्यांच्या रांगेत होता.

कोकम सरबत

स्लोव्हेनिया राहिला की हो पाहुणे! युगोस्लाव्हियाची जेमतेम आठ टक्के लोकसंख्या, पण सर्वांत श्रीमंत प्रजासत्ताक. तक्रार अगदी तुमच्या भावाचीच: आमच्या पैशावर दक्षिण पोसली जाते. डिसेंबर १९९०च्या सार्वमतात एकूण मतदारांपैकी ८८ टक्के लोकांनी होकार दिला. झालेल्या मतांपैकी नव्हे, एकूण मतदारांपैकी! २५ जून १९९१ला स्वातंत्र्य, मग दहा दिवसांचं युद्ध, त्यात शंभराच्या आत माणसं गेली. २००४मध्ये युरोपीय संघ, २००७मध्ये युरो. श्रीमंत भाऊ बाहेर पडला, घर बांधलं, सुखात आहे. तुमचा सिद्धांत पहिल्याच परीक्षेत नापास.

पडवीतला पाहुणा

कोकम, उदाहरण चांगलं आहे, पण तिथे आधी घरच पडत होतं. १९८९च्या अखेरीस सर्बियाने स्लोव्हेनियन मालावर बहिष्कार घातला होता. वर्षभरात सर्बियन सरकारने मध्यवर्ती बँकेला न विचारता स्वतःसाठी पैसा छापून घेतला. भिंती कोसळायला लागल्यावर जो बाहेर पळतो त्याला वाटणी मागणारा म्हणत नाहीत. माद्रिद किंवा रोम आज तसं कोसळतंय का?

उंटावरचा शहाणा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

राजगिरा

मी २०१४ ते २०१९ बार्सिलोनात होते, म्हणून लिहिते. पाहुणे, तुम्ही सगळं पैशाच्या तागडीत टाकताय आणि कॅटलोनियाबाबत ते चुकतंय. स्पेनच्या १६ टक्के लोकसंख्येचा आणि १९ टक्के उत्पन्नाचा हा प्रांत, 'स्पेन आम्हाला लुटतो' ही घोषणाही खरी. पण नुसता पैसा असता तर सर्वांत आधी माद्रिद प्रांत फुटायला हवा होता. दरडोई तो जास्त श्रीमंत आहे आणि इतरांसाठी पैसेही तोच जास्त सोडतो. तिथे कोणी झेंडा काढत नाही.

माझी घरमालकीण निवृत्त शिक्षिका. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात शाळेत तिला स्वतःच्या भाषेत अक्षर गिरवता आलं नाही. ती कित्येक वर्षं 'स्पेनमध्येच राहू, पण मानाने' या मताची होती. २००६चा स्वायत्ततेचा कायदा स्पेनच्या संसदेने मंजूर केला, कॅटलन जनतेने सार्वमताने मंजूर केला, आणि २०१०मध्ये घटना न्यायालयाने त्यातली १४ कलमं कापली. तिचं मन त्या दिवशी फिरलं. कर किती जातो हे तिला आकड्यात कधीच सांगता आलं नाही.

१ ऑक्टोबर २०१७ला स्वातंत्र्याच्या सार्वमतात मतपेट्या हिसकावायला आलेले पोलीस आणि म्हाताऱ्यांवर चाललेल्या लाठ्या मी पाहिल्या आहेत. त्या दिवसांत रात्री दहाला बाल्कन्यांतून भांडी वाजायची. २०२०च्या मार्चमध्ये इथे टाळ्या-थाळ्या वाजल्या तेव्हा मी एकदम तिथेच पोचले होते.

पडवीतला पाहुणा

राजगिरा, शिक्षिकेचं दुःख मी नाकारत नाही. पण बघा, पैसेवाले काय करत होते. सार्वमतानंतर आठवड्याच्या आत साबादेल बँकेने नोंदणीचं कार्यालय आलिकांतेला हलवलं, कैशाबँकने वलेन्सियाला. स्वातंत्र्याचा ठराव व्हायला तेव्हा तीन आठवडे होते! पुढे तीन हजारांहून जास्त कंपन्यांनी हेच केलं. २७ ऑक्टोबरला ठराव झाला, त्याच दिवशी माद्रिदने घटनेचं कलम १५५ लावून प्रांताचं सरकार बरखास्त केलं आणि थोड्याच दिवसांत त्या सरकारचे प्रमुख पुजदेमॉन बेल्जियमला पोचले. जगातल्या एकाही देशाने मान्यता दिली नाही. सार्वमतात होकार ९० टक्के, पण मतदान ४३ टक्के. नको म्हणणारे बहुतेक घरीच बसले होते.

आणि युरोपीय संघाचं काय? नवा देश आत घ्यायचा तर सगळ्या सदस्यांची संमती लागते. म्हणजे स्पेनचीही. ज्या स्पेनने सर्बियातून फुटलेल्या कोसोव्होला अजून मान्यता दिलेली नाही, तो कॅटलोनियाला हळदीकुंकू लावून आत बोलावणार? शेवटी २०२४च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवाद्यांचं प्रांतिक बहुमत गेलं आणि समाजवादी साल्वादोर इया प्रांताचे अध्यक्ष झाले. २०२५च्या सुरुवातीला साबादेल बँकही घरी परतली.

राजगिरा

बँका गेल्या त्या कागदावर गेल्या, माणसं त्याच टेबलांवर बसून काम करत होती. आणि नऊ नेत्यांना ९ ते १३ वर्षांच्या शिक्षा झाल्या, हे तुमच्या हिशेबात कुठल्या रकान्यात बसतं? धमकी देऊन सवलत मिळवणारा माणूस तुरुंगात जात नाही. पुढे माफी मिळाली ती २०२१मध्ये.

खडीसाखर

या भांडणात उत्तर स्पेनमधल्या बास्क लोकांना कोणी बोलावलं नाही म्हणून मीच आणते. माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. बास्क प्रांत आपले कर स्वतः गोळा करतात आणि माद्रिदला संरक्षण, परराष्ट्र वगैरे सामाईक खर्चाचा वाटा देतात. त्याला 'कूपो' म्हणतात, आणि तो ठरवण्याचा दर १९८१पासून ६.२४ टक्के आहे. ही सोय १८७८पासूनची, गादीवरून झालेल्या कार्लिस्ट युद्धांत हरल्यावर जुने हक्क गेले त्याची भरपाई म्हणून. फ्रँकोने १९३७मध्ये बिस्काय आणि गिपुस्कोआ या बास्क प्रांतांची सोय शिक्षा म्हणून काढून घेतली, आलावा आणि नवारा त्याच्या बाजूने लढले म्हणून त्यांची ठेवली.

कॅटलन नेत्यांनी २०१२मध्ये साधारण हेच मागितलं होतं. तेव्हाचे कॅटलन अध्यक्ष आर्तुर मास माद्रिदला गेले, स्पेनचे पंतप्रधान रखॉय यांनी नाही म्हटलं, आणि त्यानंतर स्वातंत्र्याची भाषा चढत गेली. बास्क प्रांतात 'एटा' या सशस्त्र फुटीरवादी संघटनेने आठशेच्या वर माणसं मारली, पण आज, बंदुका थंडावल्यावर, तिथे वेगळं होण्याची घाई फार कोणाला नाही. तिजोरीची किल्ली ज्याच्या कमरेला आहे तो कशाला घर सोडेल? थोडक्यात दोघंही अर्धे बरोबर. पैसा आहे, पण 'किती' यापेक्षा 'किल्ली कोणाकडे' हा प्रश्न मोठा आहे.

कोकम सरबत

खडीसाखर, +१. फक्त नवारा-बास्कना ही मुभा परवडते कारण ते छोटे आहेत. कॅटलोनियाने पण किल्ली घेतली तर गरीब एक्स्त्रेमादुरा प्रांताचे दवाखाने कोण चालवणार?

वऱ्हाडी ठेचा

अवांतर: आमच्या विदर्भाचं उलटं आहे. आम्ही श्रीमंत म्हणून नाही, अनुशेष राहिला म्हणून वेगळं मागतो. आणि देशातून नाही, राज्यातून. दोन्ही एका मापाने मोजू नका.

उंटावरचा शहाणा

आता 'मुंबई देशाला किती कर देते'वाले येतील. धाग्याची जिलबी व्हायच्या आत बेल्जियमवर या.

घेंटकर

बेल्जियमसाठी हजर. सहा वर्षं घेंटमध्ये आहे. पहिल्याच महिन्यात मी 'मॉन्स'ला जायला गाडीने निघालो आणि डच बोलणाऱ्या फ्लँडर्समधल्या पाट्यांवर मॉन्स कुठेच दिसेना. डच पाट्यांवर त्याचं नाव 'बेर्गेन'. रेल्वेतही सरहद्द ओलांडली की घोषणेची भाषा बदलते.

इथली कथा पाहुण्यांच्या भावापेक्षा तिखट आहे, कारण श्रीमंत आणि गरीब यांनी जागा बदलल्या. एकोणिसाव्या शतकात कोळसा आणि पोलाद दक्षिणेतल्या फ्रेंच बोलणाऱ्या वॉलोनियाकडे, आणि १८४०च्या दशकात उपाशी मरणारे फ्लेमिश शेतमजूर. फ्रेंच ही साहेबी भाषा, डच गड्यांची. दुसऱ्या महायुद्धानंतर खाणी बंद होत गेल्या आणि पारडं फिरलं. त्यामुळे 'आम्ही तुम्हाला पोसतो' या वाक्यात इथे शंभर वर्षांचा अपमान मुरलेला असतो. १९६८मध्ये लुव्हेन विद्यापीठ भाषेवरून फुटलं तेव्हा ग्रंथालयाची पुस्तकं सम क्रमांक एकाला, विषम दुसऱ्याला अशी वाटली. ज्ञानकोशाचे खंडसुद्धा सोडले नाहीत म्हणतात.

२००६च्या डिसेंबरात बेल्जियमच्याच फ्रेंच भाषेतल्या सरकारी वाहिनीने 'फ्लँडर्सने स्वातंत्र्य जाहीर केलं' अशी खोटी बातमी दाखवली. पुष्कळांना खरी वाटली, कारण अशक्य वाटत नव्हती.

पडवीतला पाहुणा

पण झालं नाही ना? फ्लेमिश राष्ट्रवादी नेते बार्ट डी वेव्हर यांनी २००५मध्ये खोट्या नोटांनी भरलेले ट्रक वॉलोनियात नेले होते, फ्लँडर्सचा पैसा कसा वाहून जातो ते दाखवायला. तेच गृहस्थ फेब्रुवारी २०२५पासून बेल्जियमचे पंतप्रधान आहेत. माझा मुद्दा याहून चांगला मलाही मांडता आला नसता.

घेंटकर

तुम्ही अर्धाच सिनेमा पाहिला. २०२४च्या निवडणुकीत फ्लेमिश संसदेच्या १२४ जागांपैकी डी वेव्हरांच्या पक्षाला ३१ आणि त्याहून कडव्या व्लाम्स बेलांगला ३१. बेरीज करा: बरोबर निम्म्या. आणि १९७०पासून सहा वेळा राज्यरचना बदलून शाळा, रस्ते, शेती, घरं असं एकेक खातं केंद्राकडून प्रांतांकडे गेलं आहे. चुली कधीच वेगळ्या झाल्यात, सातबारा तेवढा सामाईक राहिलाय. फ्लँडर्सला दार आपटून निघायची गरजच नाही.

कोकम सरबत

मग तो सातबारा का फोडत नाहीत?

घेंटकर

ब्रसेल्समुळे. फ्लँडर्सच्या पोटात बसलेलं शहर, बोलतं बहुतेक फ्रेंच, आणि फ्लँडर्सची राजधानीही तेच. शिवाय देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाहून मोठं सरकारी कर्ज आहे, त्यातलं कोणी किती उचलायचं यावर दोघांचे दोन आकडे. विहीर एकाच्या वाट्याला आणि तिथे जायची पायवाट दुसऱ्याच्या, अशा वाटण्या आपल्या गावात तीन-तीन पिढ्या कोर्टात असतात की नाही?

उंटावरचा शहाणा

आणि बार्सिलोनावाल्यांनी 'ताबार्निया' काढलं होतं ते विसरलात सगळे! बार्सिलोना आणि तारागोनाच्या किनाऱ्याने कॅटलोनियातूनच वेगळं व्हायचं, कारण 'आम्ही कमावतो आणि आतले खेडवळ बसून खातात'. थट्टाच होती, पण २०१८मध्ये तिचे मोर्चेसुद्धा निघाले.

राजगिरा

निघाले होते. माझी घरमालकीण बाल्कनीतून त्यांच्याकडे बघत भांडं वाजवायला उभी राहिली, आणि तिचा जावई खाली मोर्चात होता. रविवारी दोघं एकाच टेबलावर जेवले. भात मी केला होता.