इंग्रजी वैद्यकीय संज्ञा ग्रीकमध्ये परत नेताना

प्रश्न : वाचनवेडा

नमस्कार. रक्तदाब, मधुमेह, पक्षाघात, लसीकरण, शवविच्छेदन अशा विषयांवरील काही इंग्रजी परिच्छेद सराव म्हणून ग्रीकमध्ये उतरवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. एकदा ते आजच्या ग्रीकमध्ये करायचे आहेत आणि एकदा, केवळ हौसेखातर, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गालेन वाचू शकेल अशा प्राचीन ग्रीकमध्ये. इंग्रजीतील वैद्यकीय संज्ञा बहुतांशी ग्रीक धातूंवरूनच घडलेल्या असल्यामुळे त्यांचे शेवटचे प्रत्यय बदलले की भाषांतर आपोआप साधते, असे मला सांगण्यात आले आहे. हे कितपत ग्राह्य धरावे? शिवाय प्राचीन वैद्यांना ज्या गोष्टी ठाऊकच नव्हत्या, त्यांच्यासाठी जुन्या ग्रीकमध्ये नवी संज्ञा घडवावी की जवळचा जुना शब्द वापरावा?

प्रतिसाद १ : अथेन्सनिवासी

आजच्या ग्रीकपुरते बोलायचे तर प्रत्यय बदलण्याची युक्ती जितक्या वेळा साधते, जवळजवळ तितक्याच वेळा फसवते. ‘ऑटॉप्सी’ घ्या. ग्रीकमध्ये ‘आफ्तोप्सिया’ हा शब्द आहे, परंतु त्याचा अर्थ स्वतःच्या डोळ्यांनी केलेली पाहणी असा होतो. भूकंपानंतर इमारतीची तपासणी करणारा अभियंता ‘आफ्तोप्सिया’ करतो, तर मृतदेहाच्या तपासणीला ‘नेक्रोप्सिया’ आणि प्रत्यक्ष शवविच्छेदनाला ‘नेक्रोतोमी’ म्हणतात. ‘एम्पथी’ची, म्हणजे दुसऱ्याची भावना समजून घेण्याच्या वृत्तीची, गोष्ट याहून धोक्याची आहे. हा इंग्रजी शब्द 1909 मध्ये टिचनर या मानसशास्त्रज्ञाने एका जर्मन संज्ञेसाठी ग्रीक घटकांतून घडवला. मात्र ग्रीक माणसाच्या तोंडी ‘एम्पाथिया’ म्हणजे आकस किंवा द्वेषबुद्धी. परिचारिकेने रुग्णाशी ‘एम्पाथिया’ने वागावे असे तुम्ही लिहिलेत, तर वाचणारा दचकेल. तिथे ‘एन्सिनेस्थिसी’ हा शब्द हवा.

दुसरी बाब लॅटिन घटकांची. इंग्रजीत ज्या संज्ञा लॅटिनमधून आल्या, त्या ग्रीकांनी सहसा स्वतःच्या घटकांतून पुन्हा घडवल्या आहेत. ‘अपेंडिसायटिस’चा पूर्वार्ध लॅटिन आहे, ग्रीकमध्ये तो आजार ‘स्कोलिकोइदितिदा’ होतो, कारण त्या अवयवाला तिथे ‘कृमीसारखे उपांग’ अशा अर्थाचे नाव आहे. ‘व्हॅक्सिन’मध्ये लॅटिन गाय दडलेली आहे. ग्रीकांनी देवीच्या लसीकरणासाठी कालवडीवरून ‘दामालिस्मोस’ असा शब्द केलाही होता, पण आज सर्वत्र चालतो तो ‘एम्वोलिओ’ हा शब्द आणि लसीकरणासाठी ‘एम्वोलियास्मोस’, ज्याचा दुसरा अर्थ झाडाला कलम करणे असा आहे.

याखेरीज मजकूर कोणासाठी आहे याचा विचार आधी करावा. तुमच्या यादीतील मधुमेह वैद्यकीय लेखनात ‘साखारोदिस दियाविटिस’ असतो, पण गावातली आजी आपल्याला ‘झाखारो’ आहे, म्हणजे साखर आहे, असेच सांगते. आपल्याकडे ‘शुगर आहे’ म्हणतात तसेच. पक्षाघाताला लोक नुसते ‘एंगेफालिको’ म्हणतात आणि रक्तदाबाला नुसते ‘पिएसी’. डोळ्यांचा डॉक्टर ‘ओफ्थाल्मियात्रोस’ असला, तरी डोळ्याला कोणी ‘ओफ्थाल्मोस’ म्हणत नाही, तो ‘माती’. यकृताच्या दाहाला ‘इपातितिदा’ म्हणतील, पण खाटकाकडे मागायचे ते ‘सिकोती’. एकोणिसाव्या शतकापासून राज्यकारभाराची आणि विद्वानांची भाषा म्हणून जी संस्कारित ग्रीक चालत आली, तिचा अधिकृत वापर 1976 मध्ये शिक्षणातून आणि पाठोपाठ प्रशासनातून संपला, तरी डॉक्टरांच्या शब्दसंग्रहात ती अजून भक्कम बसलेली आहे. रुग्णांसाठीच्या पत्रकात यांपैकी कोणता थर वापरायचा हे ठरवल्याशिवाय पहिले वाक्यही नीट होणार नाही.

प्रतिसाद २ : जुनीपोथी

मी दुसऱ्या भागाबद्दल लिहितो. प्राचीन ग्रीकमध्ये अडचण शब्दांच्या तुटवड्याची नाही. शब्द भरपूर आहेत, पण त्यांच्यामागचे शरीर वेगळे आहे. ‘आर्तेरिया’ हा धमनीचा शब्द जुन्या ग्रंथांत श्वासनलिकेलाही लावला जाई; आजची ‘ट्रेकिया’ ही संज्ञा म्हणजे त्याच ‘खडबडीत आर्तेरिया’तील उरलेले विशेषण होय. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरासिस्त्रातोस हा ग्रीक वैद्य असे मानत होता की निरोगी माणसाच्या धमन्यांत रक्त नसून ‘प्नेउमा’, म्हणजे एक प्रकारचा वायू असतो. धमन्यांत रक्तच असते हे गालेनने प्रयोगाने दाखवून दिले, पण रक्ताभिसरणाची आजची कल्पना हार्वे या इंग्रज वैद्याच्या 1628 मधील ग्रंथापर्यंत थांबून होती. तेव्हा आजच्या ‘धमनीतील दाब’ या संज्ञेचे जुने रूप व्याकरणदृष्ट्या निर्दोष केले, तरी एरासिस्त्रातोसला तो वायूचा दाब वाटेल. अशा ठिकाणी नवी संज्ञा न घडवता ‘हृदयाने ढकललेले रक्त नळ्यांच्या भिंतींवर ज्या जोराने दाबते तो जोर’ असे वाक्यानेच सांगावे, असे माझे मत आहे. वाक्य लांबेल, पण गालेनलाही लांब वाक्यांचे वावडे नव्हते.

रोगांच्या नावांत तर पदोपदी खड्डे आहेत. ‘लेप्रा’ म्हणजे प्राचीन वैद्यांच्या लेखी खवले धरणारा त्वचाविकार. आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो त्याच्याशी जुळणारे वर्णन ‘एलेफान्तियासिस’ या नावाखाली सापडते, आणि आज इंग्रजीत तेच नाव हत्तीपायाला गेले आहे. मोतीबिंदूला ते ‘हिपोखिमा’ म्हणत. आजच्या ग्रीकमधील ‘कातार्राक्तिस’ हे त्याचे नाव पश्चिमेच्या लॅटिन वैद्यकातून फिरून परत आलेले आहे. पक्षाघातासाठी मात्र ‘आपोप्लेक्सिया’ बिनदिक्कत वापरा. गालेनच्याही आधीचा ग्रीक वैद्य हिप्पोक्रातिस याच्या नावावरील सूत्रांत या रोगाचा तीव्र झटका बरा करणे अशक्य आणि सौम्य झटका बरा करणे सोपे नाही, असे म्हटले आहे.

बोली आधी निश्चित करा. हिप्पोक्रातिसच्या परंपरेतले ग्रंथ आयोनियन बोलीत असल्याने तिथे वैद्य ‘इएत्रोस’ असतो, गालेनकडे तो ‘इआत्रोस’ होतो. दोहोंची खिचडी झाली की जाणकाराला ती पहिल्या ओळीतच खटकते.

वाचनवेडा

दोघांचेही आभार. एक शंका उरते. ‘-आयटिस’ म्हणजे दाह हा नियम तरी दोन्ही काळांत चालेल ना? आणि ‘व्हायरस’चे काय करावे?

प्रतिसाद ३ : जुनीपोथी

आजच्या ग्रीकमध्ये ‘-इतिदा’ म्हणजे दाह, हे निःशंक चालेल. प्राचीन ग्रीकमध्ये ‘-इतिस’ हे केवळ स्त्रीलिंगी विशेषण आहे आणि त्यापुढे ‘नोसोस’, म्हणजे रोग, हा शब्द अध्याहृत असतो. ‘आर्थ्रितिस’ म्हणजे सांध्यांचा रोग, ‘नेफ्रितिस’ म्हणजे मूत्रपिंडाचा. त्यात दाह असलाच पाहिजे असे नाही. प्रत्ययाला दाहाचा ठाम अर्थ पुढच्या युरोपीय वैद्यकाने चिकटवला. गालेनसाठी लिहिताना दाहाला ‘फ्लेग्मोनी’ हा स्वतंत्र शब्द घ्यावा.

‘व्हायरस’साठी आजचा शब्द ‘इओस’ आहे, म्हणूनच कोरोनाचा विषाणू तिथे ‘कोरोनोइओस’ झाला. प्राचीन ‘इओस’ म्हणजे सापाचे किंवा बाणाला लावलेले विष. लॅटिन ‘वीरुस’, ग्रीक ‘इओस’ आणि संस्कृत ‘विष’ हे एकाच कुळातले शब्द आहेत, त्यामुळे मराठीने ‘विषाणू’ करताना नेमकी तीच वाट धरली. मात्र गालेनला नुसते ‘इओस’ सांगितलेत, तर तो रुग्णाला साप कुठे चावला हे शोधू लागेल. तिथे ‘डोळ्यांना न दिसणारे, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे रोगबीज’ असे वर्णन करणे सोयीचे. बीजाला ‘स्पेर्मा’ म्हणता येईल; गालेनच्या लेखनात रोगाच्या बीजांचा उल्लेख येतो, त्यामुळे ती कल्पना त्याला अगदीच परकी वाटणार नाही.

प्रतिसाद ४ : अथेन्सनिवासी

थोडी भर घालतो. आजच्या ग्रीकमध्ये जंतूसाठी ‘मिक्रोविओ’ सर्रास चालते, पण हा शब्द 1878 मध्ये सेदियो या फ्रेंच शल्यचिकित्सकाने फ्रेंचमध्ये घडवला आणि नंतर ग्रीकांनी तो घेतला. जुन्या ग्रीकच्या नियमाने ‘माक्रोविओस’ म्हणजे दीर्घायुषी, म्हणून ‘मिक्रोविओस’ म्हणजे अल्पायुषी. हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. म्हणून आजच्या परिच्छेदात तो निर्धास्त वापरा, गालेनच्या परिच्छेदात टाळा.